खारजमिनीचा दावा आणि दोन मासे

मी बी. ए. झालो तेव्हा ठाण्याच्या खाडीकाठच्या आमच्या कोपरी गावात या दोन अक्षरांचा अर्थ कोणालाच ठाऊक नव्हता. आईने शेजारणीला मोठ्या कौतुकाने सांगितले, "आमचा पोर बिये झाला." शेजारीण म्हणाली, "मंग पेरनार कदी?" त्या दिवशी मी जेवलो नाही.

त्या गोष्टीला पुष्कळ वर्षे झाली. मी वकील झालो, केस पिकले, पण नावापुढची ती दोन अक्षरे मी कधी गाळली नाहीत आणि गाळणारही नाही. ज्यांच्या घरी पोथ्या पिढीजात आहेत त्यांना विनय परवडतो. आमच्या घरी पिढीजात होते ते फावडे. वडील मिठागरात उतरायचे, त्यांचे वडील उतरायचे, आणि लिहिलेला कागद घरात आला की तो वाचायला स्टेशनापलीकडच्या वाण्याकडे न्यावा लागे. वाणी वाचून दाखवी, आणि प्रत्येक कागदातून आमचे काहीतरी चुकले आहे एवढेच निघे.

कायद्याचा वर्ग मुंबईस भरे. मी ठाण्याहून जाई, माझा एक मित्र कल्याणहून. त्याचे वडील कल्याणात वकिली करत, त्यामुळे कायदा त्याच्या घरात लोणच्याच्या बरणीसारखा होता, केव्हाही हात घालावा. स्वभावाने गरीब आणि हुशारीने श्रीमंत असा हा माणूस. एकदा आमचे प्रोफेसर शिकवता शिकवता म्हणाले की अमेरिकेत एका कायद्याच्या विद्यालयात विद्यार्थी स्वतःच मासिक चालवतात, त्यात कोर्टाच्या निकालांतल्या चुका काढतात, आणि न्यायाधीश ते वाचतात. बाकीचा वर्ग जांभया देत होता. आम्ही दोघांनी मात्र एकमेकांकडे पाहिले. चुका काढायच्या आणि वर न्यायाधीशाने त्या वाचायच्या, हे सुख या जन्मी मिळण्यासारखे आहे अशी आम्हाला कल्पनाच नव्हती.

मासिक निघाले. त्याचे नाव इथे देत नाही. ते चार शब्दांचे होते, चारही संस्कृत, आणि मला ते एका दमात कधी म्हणता आले नाही. भाषा मात्र मराठी. तो हट्ट माझा. मित्र म्हणाला होता, "अरे, कायदा इंग्रजीत, निकाल इंग्रजीत, मासिक मराठीत काढून वाचणार कोण?"

"माझे वडील," मी म्हणालो.

"त्यांना वाचता येतं?"

"मी वाचून दाखवीन."

"मग इंग्रजीही वाचून दाखवता येईल की."

पण त्याने मानले. नौपाड्यात त्याच्या मामांचे घर होते, त्या घराच्या ओटीवर दर रविवारी आमची मंडळी जमू लागली. मित्राने एक नियम घातला होता आणि तो नियम म्हणजे आमच्या मासिकाचा प्राण. लेख ज्याने लिहिला त्याने तो वाचायचा नाही, दुसऱ्याने सर्वांसमोर मोठ्याने वाचायचा. वाचणारा जिथे अडखळेल तिथे वाक्य बदलायचे. लेखकाने मधे तोंड उघडायचे नाही. या नियमाने आमच्या पुष्कळ विद्वानांची गर्वाची हवा गेली. एकाचा दत्तकविधानावरचा लेख तीन रविवार वाचला गेला, आणि तिसऱ्या रविवारी त्यात 'येणेप्रमाणे' या शब्दाखेरीज न अडखळण्यासारखे काही उरले नाही. तो गृहस्थ मग मामलेदार कचेरीत गेला आणि सुखी झाला.

छपाई कल्याणला शिळाछापावर होई. शिशाचे अक्षर-खिळे जुळवून करायची छपाई आम्हाला झेपणारी नव्हती. शिळाछापात एक माणूस खास शाईने कागदावर सुबक अक्षरांत सगळा मजकूर लिहून काढतो, तो कागद दगडावर दाबतात, अक्षरे दगडावर उतरतात आणि दगडावरून प्रती निघतात. एकदा दगडावर गेलेले सहजी सुधारत नाही. आमच्या छापखान्यात लिहिणारे होते ते पंचांगवाले बुवा. वर्षभर पंचांगे, पत्रिका, मुहूर्तांचे तक्ते लिहायचे, आणि मधल्या मोकळ्या दिवसांत आमचा कायदा. त्यांचे बालबोध, म्हणजे देवनागरी, अक्षर असे की मोत्यांनी लाजावे. आम्ही लेख मोडीत लिहून द्यायचो आणि बुवा ते वाचून बालबोधात उतरवायचे.

मोडीविषयी दोन शब्द सांगितले पाहिजेत, कारण आताच्या मुलांना ती येत नाही. मोडी भरभर लिहायची लिपी. लेखणी उचलायची नाही. दोन शब्दांमध्ये जागा सोडायची नाही. ऱ्हस्वदीर्घ पाहायचे नाही. ज्याला विषय ठाऊक आहे तो बरोबर वाचतो, आणि ज्याला ठाऊक नाही तो आपल्याला जे ठाऊक आहे ते वाचतो. माझी मोडी ठाण्याच्या शाळेत पहिली आलेली होती. तिचा मला बी. ए. इतकाच अभिमान होता.

आता दाव्याकडे येतो.

कोपरीच्या खाडीकडेला आमची थोडी खार जमीन होती. खार म्हणजे खाडीला बांध घालून मिळवलेली जमीन. भरतीचे पाणी आत घ्यायला आणि बाहेर सोडायला बांधात एक दरवाजा असतो, त्याला आमच्याकडे उघाडी म्हणतात. ही जमीन माझ्या आजोबांनी बांधून काढली आणि वडील तिच्यात मीठ पिकवत. वडिलांचे चुलतभाऊ, माझे काका, त्या उघाडीच्या तोंडाशी लहानपणापासून जाळे लावत. ओहोटीला पाणी बाहेर पडताना मासे आपोआप जाळ्यात येत. पुढे काकांच्या मनाने घेतले की जिथे आपले जाळे तिथली जमीन आपली. ते बांधावर येऊन वडिलांना म्हणाले, "मीट तुजा आसंल. पन जागा माजी." झाले. वडिलांनी ठाण्याच्या कोर्टात दावा लावला. वडिलांनी वकील दिला. काकांनी दिला नाही. "माज्या जिबंला हाड नाय," ते म्हणत, "मना वकील कशाला?"

दावा चार वर्षे चालला होता. मी कायदा शिकू लागलो याला कारण तो दावाच. आणि मासिकात मी लिहायला घेतलेला मोठा लेखही त्याच विषयावर होता: समुद्रातून मिळवलेल्या जमिनीवर हक्क कोणाचा, बांध घालणाऱ्याचा की वहिवाट करणाऱ्याचा. नावे गाळली होती. वादी, प्रतिवादी, एवढेच.

मित्राने लेख हातात घेतला आणि पहिल्याच ओळीवर थांबला. "आपल्याच घरचा दावा, आणि तोही अजून चालू. हे बरं दिसेल का?"

"तत्त्वाचा प्रश्न आहे."

"बरं. मग पुढच्या रविवारी मी वाचतो."

"पुढच्या रविवारी नाही. अंक परवा बुवांकडे जायचा आहे. मीच वाचतो."

"नियम आहे."

"नियम न अडखळण्याचा आहे. मी अडखळणार नाही."

आणि मी खरोखरच अडखळलो नाही. स्वतःचे लिहिलेले वाचताना कोण अडखळतो? मंडळींनी माना डोलावल्या. मित्र एवढेच म्हणाला, "निदान शीर्षक तरी बालबोधात लिही. मोठ्या अक्षरात मुखपृष्ठावर जायचं आहे ते."

मी म्हणालो, "ज्याला मोडी वाचता येत नाही त्याने वकिली करू नये आणि छापखानाही काढू नये."

हे वाक्य मला अजून आठवते. पुढे दुसऱ्यांनीही मला त्याची बरेच दिवस आठवण करून दिली.

शीर्षक होते: दावा खारजमिनीचा. हक्क कोणाचा?

अंकांचे गठ्ठे मित्राने कल्याणहून आणले. स्टेशनाबाहेर मी एक अंक ओढून घेतला आणि सगळ्यात आधी खाली, संपादकाच्या जागी, माझे नाव पाहिले. बी. ए. होते. दोन्ही टिंबांसह. तेवढे पाहून मी समाधानाने अंक घडी केला, घरी गेलो आणि वडिलांच्या हातात दिला. त्यांनी तो दोन्ही हातांनी घेतला. ज्या हातांना मिठाने भेगा पडलेल्या असतात ते कागद फार जपून धरतात, फाटेल म्हणून नाही, अडकेल म्हणून.

"ह्यात आपला दावा हाय?"

"हो. पहिलाच लेख."

"सगला लिवलास?"

"सगळा."

वडील उठले आणि अंक घेऊन गावात गेले. मी मागे बोलावले नाही. खरे सांगायचे तर मला वाटत होते की जावे त्यांनी, दाखवावा.

दुसऱ्या दिवशी वर्गात मी दुसरी प्रत उघडली, आणि मुखपृष्ठ प्रथमच पुरते पाहिले. बुवांच्या मोत्यासारख्या अक्षरांत, चार शब्दांच्या नावाखाली, ठळक लिहिले होते:

दावा खारज. मीनेचा हक्क कोणाचा?

आणि दोन्ही कोपऱ्यांत एकेक मासा. तोंडे एकमेकांकडे, शेपट्या वर, खवले एकूण एक मोजता यावेत असे.

बाहेरच्या वाचकासाठी सांगतो. दावा फेटाळला गेला की 'खारीज' झाला म्हणतात, पण ठाण्याच्या कोर्टाच्या आवारात खारीज कोणी म्हणत नसे, सगळे खारजच म्हणत. तेव्हा माझ्या मासिकाने, माझ्या नावाने, माझ्या बापाचा दावा फेटाळून टाकला होता.

मी त्याच दिवशी कल्याण गाठले. बुवा चटईवर बसून कोणाच्या तरी मुलीची पत्रिका लिहीत होते. मी अंक त्यांच्या पुढ्यात टाकला. त्यांनी तो उचलला, प्रकाशात धरला आणि म्हणाले, "मासे बरे उतरले आहेत."

"बुवा, हे काय केलंत?"

"काय केलं?"

"मी लिहिलं होतं, दावा खारजमिनीचा."

बुवांनी कोनाड्यातून माझा मूळ कागद काढला. "वाचा," म्हणाले.

मी वाचले, "दावा खारजमिनीचा."

"बरोबर. मीही तेच वाचलं. दावा खारज. मीनीचा. आता मीनीचा म्हणजे काय? मीनीचा असा शब्द नाही. मीन रास, तेव्हा मीनेचा. तुमची चूक सुधारून दिली. र्‍हस्वदीर्घ आम्ही आपणहून सुधारतो, कोणाला बोलून दाखवत नाही."

"आणि हे मासे?"

"मीन आला की मासे काढायचे, हा रिवाज आहे. मेष असता तर मेंढा काढला असता."

मी खूप बोललो. कायद्यातले बोललो, कायद्याबाहेरचेही बोललो. बुवा ऐकत होते. शेवटी म्हणाले, "तुमच्यात वाचून दाखवायचा नियम आहे ना? हे कोणी वाचलं होतं?"

मी अंक उचलून चालू लागलो. घरी आल्यावर मित्राला मात्र सांगितले की सगळी चूक बुवांची. पुढे कित्येक दिवस मी तेच सांगत राहिलो. पुढच्या अंकात घालायला शुद्धिपत्र लिहिले, आणि तेही, देव मला क्षमा करो, मोडीतच लिहिले. गावात कोणाला काही सांगितले नाही. कोपरीत वाचता कोणाला येते, असे मी स्वतःला समजावले. जे लोक वाचत नाहीत त्यांची मला इतकी खात्री होती.

आठवड्याने दाव्याची तारीख होती. मी वडिलांबरोबर गेलो. कोर्टाच्या ओसरीवर पट्टेवाल्याने काकांच्या नावाचा पुकारा केला. एकदा केला, दोनदा केला, तिसऱ्यांदा टेंभी नाक्यापर्यंत जाईल असा केला. काका नव्हते. चार वर्षांत ते एकही तारीख चुकले नव्हते. तारखेच्या दिवशी ते अंधारातच येऊन ओसरीचा खांब धरून बसत.

"आजारी आसंल," वडील म्हणाले, आणि त्यांचा चेहरा उतरला. भाऊच होता.

प्रतिवादी हजर नाही, त्याचा वकील नाही. कोर्टाने वडिलांची साक्ष घेतली आणि एकतर्फी हुकूमनामा झाला. जमीन आमची. चार वर्षांचे काम जेवणाच्या सुट्टीच्या आत संपले. आईने सांजा केला.

सांजा पचायच्या आत उलगडा झाला. काका आजारी नव्हते. ते डोंबिवलीकडे मुलीच्या सासरी गेले होते, निवांतपणे, दावा जिंकल्याच्या आनंदात. वडिलांनी अंक गावभर फिरवला तेव्हा काकांनीही तो हातात घेतला होता. मासे पाहिले. मग थेट स्टेशनापलीकडच्या वाण्याकडे गेले. वाण्याने वाचून दाखवले: दावा खारज, मीनेचा हक्क कोणाचा? काकांनी विचारले, मीन म्हणजे काय. वाणी म्हणाला, मासा. आणि मासे कोणाचे, हे काकांना कोणाला विचारायचे नव्हते. याहून स्वच्छ निकाल कोणत्या कोर्टाने दिला असता? दावा गेला, माशाचा हक्क राहिला, आणि खाली पुतण्याची सही, बी. ए. आत सोळा पाने होती, त्यांत दावा चालू असल्याचे लिहिले होते. पण शीर्षकापुढे कोणी गेले नाही. हे आमच्या मासिकाचे नेहमीचेच होते.

काकांनी कोर्टाबाहेर बसणाऱ्या अर्ज लिहिणाऱ्याकडून अर्ज करवला की मी गैरहजर राहिलो याला पुरेसे कारण होते, एकतर्फी निकाल रद्द व्हावा. आणि अर्जाला पुरावा म्हणून आमचा अंक जोडला. अशा रीतीने आमचे मासिक न्यायाधीशांनी वाचले.

मला साक्षीला बोलावणे आले. आमच्या वकीलसाहेबांनी आदल्या दिवशी मला बसवून घेतले. "प्रश्न एकच आहे," ते म्हणाले. "या कागदावर विसंबून राहणं शहाण्या माणसाला शोभलं का? तुम्ही सांगायचं, नाही. पोरांचा उद्योग आहे, कोणी गंभीरपणे घेत नाही, वाचतही कोणी नाही. एवढं सांगितलंत की अर्ज फेटाळला आणि जमीन तुमची."

"पण संपादक मी आहे."

"म्हणून तर तुम्हीच सांगायचं."

मी घरी आलो. वडील उंबऱ्यावर बसले होते. वकिलांनी त्यांनाही सांगितले होते. त्यांनी मला शेजारी बसवले. मग म्हणाले, "बाला, उंद्या जा खरा आसंल ता बोल." थोडे थांबून म्हणाले, "पन जरा आपल्या बाजूनं बोल."

मी साक्षीच्या पिंजऱ्यात उभा राहिलो. समोर जज्जसाहेब, म्हातारे, पुण्याकडचे, चष्मा नाकाच्या टोकावर. हातात आमचा अंक. एका बाजूला वडील, दुसऱ्या बाजूला काका, दोघांचे फेटे एकाच आजोबांच्या पद्धतीने बांधलेले. मागे बाकावर माझा मित्र येऊन बसला होता.

साहेबांनी विचारले, "हे आपण चालवता?"

"होय."

"बी. ए. आहात."

"होय, साहेब."

"हे मासे कशासंबंधी आहेत?"

मी बुवांची गोष्ट सांगितली. मागे कोणीतरी हसू लागले, बहुधा माझा मित्रच.

"चूक ध्यानात आल्यावर आपण काय केलंत?"

"शुद्धिपत्र काढलं, साहेब."

"तेही जोडलेलं आहे." साहेबांनी पान उलटले, चष्मा वर सरकवला आणि वाचले: "'मुखपृष्ठावर चुकून दावा खारज मीनेचा असे पडले आहे, त्याऐवजी वाचकांनी दावा खारज मीनेचा असे वाचावे.'" त्यांनी माझ्याकडे पाहिले. "वाचकांनी नेमकं काय करावं?"

आता सगळेच हसत होते. पट्टेवालाही. मोडीत दोन्ही शीर्षके जवळजवळ एकच दिसतात, आणि बुवांनी ती प्रामाणिकपणे एकसारखीच उतरवली होती. मी पिंजऱ्याचा कठडा घट्ट धरला. वकीलसाहेबांनी मला डोळ्याने खूण केली; यापेक्षा चांगली संधी येणार नव्हती. त्यांनी उठून विचारले, "एकंदरीत, या मासिकावर कोणी शहाणा माणूस विसंबत नाही, असंच ना?"

हो म्हणायचे होते. एवढेच. वडील माझ्याकडे पाहत होते. मला वाटले, ज्या माणसाने जन्मभर दुसऱ्याने वाचून दाखवलेले कागद खरे मानले, त्याच्यासमोर मी म्हणणार की माझा कागद खोटा. आणि काकांनी तो खरा का मानला होता? खाली माझे नाव होते म्हणून. वाण्यावर काकांचा विश्वास कधीच नव्हता.

"विसंबतो," मी म्हणालो.

"काय?"

"विसंबावं, असंच ते मासिक आहे. आम्ही प्रत्येक लेख मोठ्याने वाचून तपासतो. हा तपासला नाही, कारण मी तपासू दिला नाही. मोडी माझी, हट्ट माझा. बुवांची चूक नाही. माझ्या काकांचीही नाही."

वकीलसाहेब खाली बसले. साहेबांनी काहीतरी लिहिले, बराच वेळ लिहिले, आणि एकतर्फी निकाल रद्द केला. दावा पहिल्यापासून पुन्हा सुरू. अंक परत देताना म्हणाले, "आतला लेखही मी वाचला. चौथ्या पानावर आपण एका निकालात चूक काढली आहे. तो निकाल माझा आहे." मग चष्मा काढून म्हणाले, "चूक आहे खरी."

मला त्या क्षणी जमिनीचे काही वाटत नव्हते, हे मी कबूल करतो.

टेंभी नाक्यापासून वडील माझ्यापुढे चालत होते. रुळांच्या अलीकडे थांबले. "तुजा कागुद खरा हाय ना?"

"हो, बाबा."

"मंग बास झाला."

घरी आईने विचारले, "जमीन गेली?"

"नाय," वडील म्हणाले. "परत सुरू झाली."

दोन दिवसांनी काका अंगणात आले. चार वर्षांत पहिल्यांदा. आईने पाणी दिले. ते मला म्हणाले, "तू माज्या बाजूनं बोललास."

"मी कोणाच्याच बाजूने बोललो नाही, काका."

"ताच बोलतंय मी. तुज्या बापासाला कदी जमला नाय ता."

वडील आतून म्हणाले, "जमला नाय, पन पोर माजाच हाय."

मग दोघे उघाडीवर गेले आणि बांधावर बसले. मी लांब उभा होतो. भांडत होते, पण आवाज जेवणाच्या पानावर भांडावे तसा होता. वडील म्हणत होते, "त्या पंचांगवाल्या बामनानं लिवला ता काय चुकीचा नव्हता." काका म्हणत होते, "मीच ता आदीपासून बोलतंय." ठरले ते असे: खार जमीन वडिलांची, मिठासकट; उघाडीच्या तोंडचे मासे काकांचे, त्यांच्या हयातीत आणि पुढे मुलांच्याही. मी चार महिने खपून सोळा पाने लिहिली त्यात हा निकाल कुठेच नव्हता. एक शब्द चुकीच्या जागी तोडला गेला, त्यात तो होता.

तडजोडीचा कागद मी लिहायचा, असे दोघांनी ठरवले. बालबोधात. वडील समोर बसले. त्यांना वाचता येत नव्हते, पण मोजता येत होते. प्रत्येक दोन शब्दांमध्ये त्यांनी आपले बोट ठेवून पाहिले. एका जागी थांबले.

"ह्या दोगांत बोट शिरत नाय."

तिथे 'खार जमीन' लिहिले होते. मी कागद फाडला आणि दुसरा घेतला.

काकांनी तो हातात घेऊन उलटासुलटा पाहिला. "आन मासं?"

"काका, हा कोर्टात द्यायचा कागद आहे."

"त्या कागदावर होतं. मासं बगूनच मी इस्वास ठेवला."

वडील म्हणाले, "काड रं."

मी काढले. काकांनी पाहिले आणि म्हणाले, "हा मासा हाय का वांगा?"

म्हणून दुसऱ्या दिवशी मी कागद घेऊन कल्याणला गेलो. बुवांशी झालेल्या भांडणानंतर प्रथमच. मी म्हणालो, "बुवा, दोन मासे हवे आहेत." त्यांनी काही विचारले नाही. चष्मा लावला, आणि मासे काढायच्या आधी सगळा कागद पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत मोठ्याने वाचून काढला. मी तोंड मिटून बसलो होतो. ते एकदाही अडखळले नाहीत. मग त्यांनी लेखणी शाईत बुडवली.